कर्करोगाची पेशी मरताना काय सांगून जाते?



मृगाच्या तोंडावर गुरांच्या दवाखान्याची माणसे गावात येतात आणि जनावरांना घटसर्पाची लस टोचून जातात. त्याचे महत्त्व आता कोणाला फारसे पटवावे लागत नाही. पण त्या बाटलीत असते तरी काय? असतात घटसर्पाचेच जंतू, फक्त मारलेले. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, पण आपली ओळख बैलाच्या शरीराला देऊन जातो. पुढे पावसाळ्यात जिवंत जंतू आला की शरीर त्याला ओळखते आणि उंबऱ्यावरच अडवते.

त्या बाटलीत आणखी एक गोष्ट असते. नुसते मेलेले जंतू टोचले तर शरीर त्यांची फारशी दखल घेत नाही. म्हणून त्यांच्यासोबत तुरटीच्या जातीचा क्षार किंवा तेल मिसळतात. त्यामुळे टोचल्या जागी थोडी सूज येते आणि शरीराचे लक्ष तिकडे वळते. लस टोचल्यावर जनावराच्या मानेवर गाठ आली अशी तक्रार पुष्कळदा येते, तिचे कारण बहुधा हेच. म्हणजे शरीराला शहाणे करायला दोन गोष्टी लागतात. एक, शत्रूची ओळख. दुसरी, धोक्याची हाक.

एवढे मनात धरा, कारण आज मला गुरांबद्दल नव्हे, माणसाच्या कर्करोगाबद्दल सांगायचे आहे. मी शेतकी खात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु गावोगाव फिरताना दोन बोलणी वारंवार कानांवर येतात. एक, "त्या औषधाने गाठ मरते, पण माणूसही खंगतो, मग घ्यायचे कशाला?" दुसरे, "गाठ लहान झाली ना, मग बाकीचे डोस कशाला?" या दोन्ही बोलण्यांत असे गृहीत धरलेले असते की औषध आणि गाठ यांच्यातच काय ती कुस्ती, आणि शरीर नुसते मार खाणारे. गेल्या वीस वर्षांतील संशोधन वेगळे सांगते. शरीरही या कुस्तीत उतरू शकते. आणि ते उतरते की बाजूला बसून राहते, हे पुष्कळदा कर्करोगाची पेशी कशा रीतीने मेली यावर अवलंबून असते.

पानगळीचे मरण आणि घाताचे मरण

आपले शरीर अतिसूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. त्यांतल्या अब्जावधी रोज मरतात आणि नव्या जन्मतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. बेडकाचे पिलू मोठे होताना त्याची शेपटी नाहीशी होते, ती कोणी तोडत नाही. तिच्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात.

१९७२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे एकत्र काम केलेल्या केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या शांत मरणाला 'अपॉप्टोसिस' असे नाव दिले. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ झाडावरून पान गळणे. नाव फार नेमके आहे. पानगळीच्या दिवसांत साग उघडा होतो, पण झाडाला जखम होत नाही. पान गळण्याआधी देठाशी झाड स्वतःच तो सांधा बंद करून घेते. तशीच ही पेशी आत आक्रसते, तिचे लहान लहान पुडके होतात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गुपचूप खाऊन टाकतात. ना सूज, ना ठणका.

दुसरे मरण घाताचे. हात भाजला, बोट चेचले, की पेशी फुटते आणि आतला माल बाहेर सांडतो. तिथे लाली येते, सूज चढते, पांढऱ्या पेशी धावून येतात.

शांत मरण शांतच असायला हवे. रोज मरणाऱ्या प्रत्येक पेशीसाठी शरीराने आरडाओरडा केला, तर त्याचे सैन्य स्वतःच्याच अंगावर धावून जाईल. संधिवाताच्या काही प्रकारांत असेच होते. म्हणून पानगळीच्या मरणाने मेलेली पेशी खाल्ली की भक्षक पेशी उलट शांत होतात आणि इतरांनाही शांत राहण्याचा निरोप देतात. निरोगी शरीरात हा गुण आहे. कर्करोगात मात्र तोच अडचण होऊन बसतो.

घरातलाच चोर

भाताच्या खाचरात रानभात उगवले की रोपाच्या वयात ते ओळखू येत नाही. बेणणी करणाऱ्या जाणत्या बाईचाही हात चुकतो. कर्करोगाच्या पेशीचे तसेच आहे. ती बाहेरून आलेली नसते, आपल्याच शरीराची असते, फक्त मर्यादा सोडून वाढत सुटलेली. तिच्यात काही खुणा वेगळ्या असतात, पण पहारेकऱ्याला त्या चटकन दिसत नाहीत. शिवाय गाठ वाढत गेली की आजूबाजूच्या पहारेकऱ्यांना ती गुंगी आणणारी द्रव्ये सोडते. अशा गाठीतल्या पेशी औषधाने मेल्या आणि त्याही मुकाट्याने मेल्या, तर शरीराला काहीच कळत नाही. मेल्या तेवढ्या गेल्या, उरल्या त्या पुन्हा वाढू लागतात.

पॅरिसजवळचा उंदरांचा प्रयोग

फ्रान्समध्ये पॅरिसला लागून व्हिलज्विफ नावाचे गाव आहे. तिथे गुस्ताव्ह रूसी ही कर्करोगाची मोठी संस्था आहे. तेथील गिडो क्रोमर, लॉरन्स झिटव्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला.

त्यांनी उंदराच्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांवर डॉक्सोरुबिसिन हे औषध घातले. या मरू लागलेल्या पेशी निरोगी उंदरांच्या एका कुशीत टोचल्या. त्यांच्यासोबत तुरटी नाही, तेल नाही, काहीच नाही. काही दिवसांनी त्याच उंदरांच्या दुसऱ्या कुशीत त्याच कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या. बहुतेक उंदरांना गाठ धरलीच नाही. मरणाऱ्या पेशींनी लशीचे काम केले होते. दुसऱ्या काही औषधांनी मारलेल्या पेशी टोचल्या तेव्हा मात्र असे संरक्षण मिळाले नाही. पेशी त्याही मेलेल्याच होत्या, पण शिकवून गेल्या नाहीत.

नवल असे की डॉक्सोरुबिसिनने मारलेल्या पेशी वरवर पाहता पानगळीच्याच मरणाने मेल्या होत्या. पण जाता जाता त्या गावात दवंडी पिटून गेल्या. लशीत तेल आणि तुरटी जे काम करतात, ते येथे मरणाऱ्या पेशीने स्वतःच केले.

तीन हाका

ही दवंडी कशाची होती, याचा उलगडा पुढच्या काही वर्षांत होत गेला. मरणारी पेशी मुख्यतः तीन हाका देते.

पहिली हाक दारावरच्या खुणेची. कॅलरेटिक्युलिन नावाचे एक प्रथिन एरवी पेशीच्या आतल्या कोठारात काम करीत असते. पेशीवर योग्य प्रकारचा ताण आला की ते कोठारातून निघून पेशीच्या बाहेरच्या पृष्ठावर येऊन बसते. भक्षक पेशीला त्याचा अर्थ "मला खा" असा कळतो. हे २००७ साली दाखवले गेले.

दुसरी हाक वासाची म्हणा. प्रत्येक पेशीत एटीपी नावाचे द्रव्य असते. पेशीच्या सगळ्या कामांना लागणारी शक्ती त्यातून मिळते. ते पेशीच्या बाहेर सांडले की आसपासचे पहारेकरी त्या रोखाने येतात आणि सावध होतात. हे काम २००९ साली पुढे आले.

तिसरी हाक घरातली वस्तू रस्त्यावर सापडण्यासारखी. पेशीच्या गाभ्यात एचएमजीबी-१ नावाचे प्रथिन असते. ते गाभ्यातून सुटून बाहेर आले, म्हणजे आत काही भयंकर घडले असे पहारेकरी समजतो. ही हाक ऐकणारा 'कान' काही माणसांत जन्मतःच मंद असतो. फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी उपचार घेतलेल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा असा मंद कान असलेल्या स्त्रियांत रोग लवकर उलटल्याचे दिसले. म्हणजे ही गोष्ट उंदरांपुरतीच नाही.

या हाका ऐकून जो धावून येतो, तो आपल्या शरीराचा जागल्या. त्याचे नाव डेंड्रिटिक पेशी. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दिसतात म्हणून हे नाव. राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञाने १९७३ साली या पेशीला हे नाव दिले आणि २०११ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ही पेशी मेलेल्या पेशीचे तुकडे उचलते आणि जवळच्या रसग्रंथीत घेऊन जाते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येते ना, तीच ही रसग्रंथी. तिला चावडी समजा. तिथे जागल्या ते तुकडे टी-पेशी नावाच्या शिपायांना दाखवतो आणि सांगतो, "असा दिसणारा कोणी भेटला तर सोडू नका." ते शिपाई संख्येने वाढतात आणि शरीरभर शोध घेत फिरतात.

जागल्याने तुकडा उचलला पण हाक ऐकलीच नाही, तर तो चावडीवर उलटाच निरोप देतो, "आपलाच माणूस आहे, जाऊ द्या." सगळा फरक पडतो तो इथे.

मातीतले औषध

डॉक्सोरुबिसिन हे औषध आपल्या ओळखीच्या ठिकाणाहून आले आहे. दक्षिण इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा जुना किल्ला आहे. १९५०च्या दशकात त्या परिसरातील मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जंतू सापडला. त्यापासून लाल रंगाचे एक औषध निघाले आणि त्याच जंतूच्या बदललेल्या वाणापासून पुढे डॉक्सोरुबिसिन. इस्पितळात रुग्ण ज्याला "लाल औषध" म्हणतात ते हेच. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शन याच कुळातल्या जंतूचे, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास दरवळतो तोही बराचसा याच कुळाचा.

औषधांचा आणखी एक धडा आहे. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही दोन्ही प्लॅटिनम धातूपासून बनलेली, सख्खी भावंडेच. प्रयोगांत ऑक्झॅलिप्लॅटिनने मरणारी पेशी पहिली हाक देते, सिस्प्लॅटिनने मरणारी देत नाही असे आढळले. यावरून सिस्प्लॅटिन कुचकामी असा अर्थ कृपा करून काढू नका. तोंडाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर तेच प्रमुख औषध आहे आणि त्याने असंख्य लोकांचे प्राण वाचले आहेत. कोणत्या गाठीला कोणते औषध, हा निर्णय डॉक्टरांचा.

पारावरचे कुत्रे आणि दारातली सदाफुली

गावच्या मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियावर लाल, फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ तुम्ही पाहिली असेल. तो कुत्र्यांचा कर्करोग आहे. तो विचित्र अशासाठी की त्यात एका कुत्र्याच्या कर्करोगाच्या पेशीच समागमातून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगी जाऊन रुजतात. माणसाला तो होत नाही. पशुवैद्य त्यावर व्हिंक्रिस्टिन हे इंजेक्शन आठवड्याला एक असे काही आठवडे देतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी अशा कुत्र्यांच्या गाठीचे नमुने उपचार चालू असताना टप्प्याटप्प्याने तपासले. औषधानंतर आधी गाठीत दाह सुरू झाला, मग शरीराचे शिपाई आत शिरले आणि गाठ विरघळत गेली. ज्या गाठी पूर्ण गेल्या नाहीत, त्यांत ही जाग तशी दिसली नाही. औषधाने सुरुवात केली आणि शेवट शरीराने केला, असेच म्हणावे लागेल.

हे व्हिंक्रिस्टिन निघते आपल्या दारातल्या सदाफुलीपासून. पण इथे कळकळीची सूचना आहे. सदाफुलीची पाने चावून किंवा काढा करून कर्करोग बरा होत नाही. ढीगभर पानांतून कारखान्यात चिमूटभर औषध निघते, ते मोजून थेट शिरेत द्यावे लागते आणि शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते. पानांत इतरही विषारी द्रव्ये असतात. काढ्याने शरीराची हानी होते आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

अर्धवट मारलेले तण

मेलेली पेशी नेहमी आपल्याच बाजूने बोलते असे नाही. १९५६ साली रेव्हेस या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी मारलेल्या कर्करोगाच्या पेशी थोड्या जिवंत पेशींत मिसळून उंदरांना टोचल्या. जिवंत पेशी एरवीपेक्षा जोमाने वाढल्या. मेलेल्यांनी जणू खत पुरवले. याचे एक कारण २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मरणाऱ्या पेशी काही वेळा असे द्रव्य सोडतात की शेजारी उरलेल्या पेशींना त्याने वाढीची चालना मिळते.

शेतकऱ्याला हे नवे नाही. हराळी वरवर खुरपून तुकडे शेतातच ठेवले तर एका सरीची हराळी चार सऱ्यांत होते. मुळासकट काढली आणि पाळीमागून पाळी घातली तरच ती हटते.

माझ्या फिरतीतल्या एका गावी चाळिशीची एक माउली होती. स्तनात गाठ. शहरात दाखवले, निदान झाले, दोन डोस घेतले. केस गेले, तोंड आले, पण गाठ निम्मी झाली. तेवढ्यात पेरणी आली. घरात बैल हाकायला नवरा आणि बियाणे धरायला ही, तिसरे माणूस नाही. "गाठ बसली आहे, आता सुगीनंतर बघू," असे ठरले. दिवाळीत ती परत गेली तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी होती आणि काखेतही उतरली होती. आधी जे उपचार पुरे पडले असते ते आता पुरेनात. तिने काही मौज म्हणून डोस चुकवले नव्हते. शेत पडीक ठेवणे परवडत नव्हते. म्हणूनच सांगतो, घरात असा रुग्ण असेल तर भावकीने त्यांची पेरणी वाटून घ्यावी. सावड आपल्या गावांना नवी नाही.

डोस बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने असतात, ते उगाच नाही. मधल्या दिवसांत निरोगी पेशी सावरतात, आणि उरलेल्या रोगट पेशी डोके वर काढण्याआधी पुढचा घाव बसतो. फवारणीची पाळी चुकली तर कीड काय करते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आज रुग्णाच्या हाती काय?

एका जागी किरण दिले असता दुसऱ्या जागची गाठही ओसरते, असे क्वचित दिसते. या प्रकाराला इंग्लंडमधील मोल यांनी १९५३ सालीच नाव दिले होते. आता त्याचे कारण कळू लागले आहे. मरणाऱ्या पेशींनी जागे केलेले शिपाई दूरच्या गाठीपर्यंत पोचतात.

पण जागे झालेल्या शिपायांनाही गाठ लगाम घालते. तो लगाम सोडवणाऱ्या औषधांची वाट दाखवल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे अतिशय महाग आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने त्यांतले निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन पाहिले आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोके-मानेच्या बरा न होण्याजोग्या कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या तोंडी औषधांवर वर्षभर जगलेले शंभरात सुमारे १६ होते. त्यांच्या जोडीला ही लहान मात्रा दिलेले शंभरात सुमारे ४३. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागाला याचे मोल फार आहे.

तरीही भ्रम नको. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, आणि मरणाऱ्या पेशीची हाक प्रत्येक गाठीत ऐकली जात नाही. त्यासाठी योग्य औषधांची जोडी लावण्याचे काम जगभर चालू आहे.

घरात एवढे पाळा

१. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, स्तनातील गाठ, पाळी गेल्यावर अंगावर जाणे, पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी, गिळताना अडकणे. यांपैकी काही दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिले तर दवाखाना गाठा.

२. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही भीती सोडा. तुकडा तपासल्याशिवाय कोणते औषध हे ठरतच नाही.

३. डोस सुरू असताना ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहू नका. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतूही जीव घेऊ शकतो. त्याच रात्री रुग्णालयात न्या.

४. "प्रतिकारशक्ती वाढवणारी" पुडी, भुकटी किंवा भस्म डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने चार दिवस हुशारी वाटते, पण जागे झालेले शिपाई पुन्हा झोपतात.

५. पाणी उकळून, अन्न ताजे आणि नीट शिजवलेले द्या. डाळ, दूध, अंडी झेपतील तशी द्या.

६. खर्चासाठी शेत किंवा जनावर विकायला काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा.

७. तंबाखू, गुटखा, मिश्री बंद करा. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस वेळेवर द्या. चोर घरात शिरल्यावर जागल्याला उठवण्यापेक्षा दाराला कडी लावणे केव्हाही स्वस्त.

आणि घरात कोणाचे डोस चालू असतील, तर पुढच्या डोसची तारीख पंचांगावर ठळक लिहून ठेवा. त्या दिवशी बाजार चुकला तरी चालेल, मळणी एक दिवस पुढे गेली तरी चालेल. डोस मात्र चुकू देऊ नका.